शब्दशंका : ‘अबाउंड’ कसं वापरायचं?

प्रश्न : निबंधात मी ‘द फॉरेस्ट इज अबाउंडेड विथ बर्ड्ज’ असं लिहिलं आणि वाक्याखाली लाल रेघ आली. ‘इज फिल्ड विथ’ चालतं, मग हे का नाही?

उत्तर : ‘फिल’ सकर्मक आहे. कुणीतरी काहीतरी भरतं, म्हणून ते ‘भरलेलं’ असू शकतं. ‘अबाउंड’ अकर्मक आहे. त्यात कुणी कशाला काही करत नाही. एखादी गोष्ट उदंड आहे, एवढंच ते सांगतं. कर्मच नाही, तर कर्मणी प्रयोग कुठून येणार? ‘द फॉरेस्ट अबाउंड्ज विथ बर्ड्ज’ लिहा. भूतकाळात ‘अबाउंडेड’ येतं, पण त्याच्या आधी ‘वॉज’ नको. स्थिती दाखवणारं क्रियापद असल्यामुळे ‘इज अबाउंडिंग’ही सहसा लिहीत नाहीत.

चूक शिरते ती मराठीतून. मनात ‘जंगल पक्ष्यांनी भरलेलं आहे’ असतं. ‘आहे’चं ‘इज’ होतं आणि ‘भरलेलं’ला ‘एड’ चिकटतो. भर म्हणून ‘सराउंडेड बाय’ कानात बसलेलं असतंच. गंमत म्हणजे ही दोन्ही क्रियापदं एकाच घरची. लॅटिनमध्ये ‘उंडा’ म्हणजे लाट. त्यावरून ‘अबुंडारे’, म्हणजे ओसंडून वाहणं. तेच फ्रेंचमार्गे ‘अबाउंड’ झालं. ‘सराउंड’चा मूळ अर्थही वरून पाणी वाहणं असाच होता. पुढे ‘राउंड’शी गल्लत झाली आणि त्याला वेढण्याचा अर्थ चिकटला. पूर आणणारं ‘इनन्डेट’ आणि गरजेपेक्षा जास्त झालेलं ‘रिडन्डंट’ ही त्याच लाटेची लेकरं. आपलं ‘उदक’ही दूरच्या नात्यानं याच कुळातलं.

प्रश्न : ‘अबाउंड’पुढे ‘इन’ घ्यायचं की ‘विथ’?

उत्तर : आधी वाक्याचा कर्ता कोण ते पाहा. जागा कर्ता असेल तर दोन्ही चालतात : ‘द रिव्हर अबाउंड्ज इन फिश’ किंवा ‘विथ फिश’. खनिजं, गुण अशा अंगभूत गोष्टींसाठी ‘इन’ जास्त दिसतं, पण तो काही कडक नियम नाही. ‘ऑफ’ मात्र कधीच नाही. ते ‘फुल ऑफ’मधून उडी मारून येतं.

मासे कर्ता झाले की वाक्य उलटतं : ‘फिश अबाउंड इन द रिव्हर’. इथे ‘इन’ निव्वळ ठिकाण दाखवतं, त्यामुळे त्याच्या जागी ‘विथ’ टाकता येत नाही. ‘फिश अबाउंड विथ द रिव्हर’ म्हणजे माशांमध्येच नद्यांची गर्दी! क्रियापदाचं रूपही बदललंय, ते पाहा : नदी एक, म्हणून ‘अबाउंड्ज’, मासे अनेक, म्हणून ‘अबाउंड’.

जागा गाळली तरी वाक्य पुरं होतं : ‘रूमर्स अबाउंड’. मात्र कर्ता अनेकवचनी किंवा न मोजता येणारा हवा. ‘वाइल्डलाइफ अबाउंड्ज’ बरोबर, ‘अ रूमर अबाउंड्ज’ चूक. एकच अफवा विपुल कशी असेल? ‘फिफ्टी फिश अबाउंड’ही नको. मोजता आलं तिथे ‘अबाउंड’चं काम संपलं. ‘मेनी रूमर्स अबाउंड’ छापील मजकुरात दिसतं, पण त्यातलं ‘मेनी’ फुकटचं आहे.

प्रश्न : मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता?

उत्तर : एकच एक नाही, आणि कोशातलं ‘विपुल असणे’ वाक्यात बहुधा निर्जीव वाटतं. ‘अबाउंड’ला आवडनिवड नाही, फुलं असोत की चुका, दोन्हींना ते चालतं. मराठी मात्र विपुलता सांगतानाच आपली नापसंतीही सांगून टाकते. हव्याशा गोष्टींची रेलचेल असते, नकोशांचा सुळसुळाट. अफवांचं पीक येतं, भ्रष्टाचाराला ऊत येतो, किड्यांचा बुजबुजाट होतो. ‘एरर्स अबाउंड इन द रिपोर्ट’चं भाषांतर ‘अहवालात चुकांची रेलचेल आहे’ असं केलं, तर तो टोमणा होतो. टोमणा मारायचा नसेल तर ‘अहवालात चुकाच चुका आहेत’ म्हणावं. तटस्थ सूर हवा असेल तर ‘भरपूर’, ‘मुबलक’, ‘जागोजागी’ यांच्याकडे वळावं. तेव्हा भाषांतर करताना आधी ठरवा, लेखकाला ती गोष्ट हवीशी आहे की नकोशी.

प्रश्न : बोलताना ‘अबाउंड’ वापरावं का?

उत्तर : शक्यतो नको. ते लेखी वळणाचं आहे. बोलताना ‘लॉट्स ऑफ’, ‘फुल ऑफ’, ‘प्लेंटी ऑफ’ बरे. भरलेल्या बसबद्दल ‘द बस अबाउंड्ज विथ पीपल’ म्हणालात तर ऐकणारा हसेल. तिथे ‘पॅक्ट’ म्हणतात.

प्रश्न : ‘टीम विथ’ म्हणजे तेच ना?

उत्तर : जवळपास. पण ‘टीम’मध्ये हालचाल आहे : मुंग्यांनी वळवळणारं वारूळ, माणसांनी गजबजलेला रस्ता. मूळ अर्थ पिल्लांना जन्म देणं. खेळाडूंचा संघ म्हणजे ‘टीम’ त्याचाच नातलग, स्पेलिंग तेवढं वेगळं. म्हणून डोंगरात खनिजं ‘अबाउंड’ करतात, ‘टीम’ करत नाहीत. ब्रिटिश इंग्रजीत मुसळधार पावसालाही ‘टीमिंग’ म्हणतात, पण ते निराळं क्रियापद आहे, भांडं रिकामं करणं या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दावरून आलेलं.