पेव्हर नंतर ठरवा, आधी फाटकं मोजा

प्रश्न: सरकारी कार्यालयांच्या आवारातले पदपथ आणि सायकलमार्ग नव्याने करायचे आहेत. कोणते पेव्हर ब्लॉक टाकावेत?

पेव्हरचं लगेच सांगून टाकतो. पायी चालायच्या भागात 60 मिमी पुरतात. गाडी चढते तिथे 80 मिमी, तेही एकमेकांत अडकणाऱ्या आकाराचे. रंग साहेबांना आवडेल तो. सायकलमार्गावर मात्र पेव्हर टाकूच नका. कडा तासलेल्या ब्लॉकवरून सायकल खडखडत जाते आणि चालवणारा आठवडाभरात शेजारच्या डांबरी रस्त्यावर परततो. तिथे डांबर घाला, नाहीतर काँक्रीट. काँक्रीट असेल तर सांधे कटरने कापून घ्या, मऊ असताना पट्टीने दाबलेले नकोत.

खरं दुखणं आहे फाटकांचं. पाच कार्यालयं म्हटली की सहा-सात फाटकं आलीच, आणि प्रत्येक फाटकाशी पदपथ खाली उतरतो, पलीकडे पुन्हा चढतो. नकाशावर सलग पदपथ, जागेवर घसरगुंड्यांची रांग. व्हीलचेअरवाल्याला ती कशी लागते ते कागदावर दिसत नाही. 'पण साहेबांची गाडी अलगद आत जायला हवी' हे मी फार वेळा ऐकलंय. गाडीला इंजिन असतं. चढ तिनेच चढावा.

म्हणजे करायचं काय? पदपथ फाटकासमोरूनही त्याच उंचीवर सरळ न्यायचा आणि गाडीचा चढ रस्त्याकडच्या पट्टीत, झाडं-खांब असतात तिथे, बसवायचा. कर्ब (पदपथाची रस्त्याकडची उभी कड) 150 मिमी उंच असेल तर 1:8 उताराला 1.2 मीटर लागतात. त्यामागे चालायला 1.8 मीटर सपाट उरले की काम झालं. अख्खा पदपथच 2 मीटरचा असेल तर हे जमत नाही, जेमतेम 80 सेंमी उरतात. मग पदपथ फाटकापुरता 75 मिमी खाली घ्या, दोन्ही बाजूंनी 1:20 ने, म्हणजे दीड-दीड मीटरच्या उताराने. गाडीला उरलेले 75 मिमी 60 सेंमीत चढू द्या. माणसाला 1.4 मीटर मिळतात. उत्तम नाही, पण चालतं.

चढाचा पाय रस्त्यावर पुढे आणू नका. तो कडेचं गटार बुजवतो आणि पहिल्याच पावसात फाटकासमोर तळं होतं. जागाच नसेल तर चढाखालून गटार न्या आणि वर जाळी बसवा. जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या असतील तर चाक आत जातं.

फाटकातले ब्लॉक खचतात तेव्हा दोष ब्लॉकला दिला जातो. बहुतेक वेळा चूक खाली असते. खडीचा थर ओबडधोबड ठेवायचा आणि वरून वाळू कमी-जास्त टाकून सारखा करायचा, ही नेहमीची पद्धत. वाळू कुठे 20 मिमी, कुठे 80. जाड असते तिथे ती दबते, चाकांच्या दोन पन्हळी पडतात, त्यांत पाणी साचतं आणि पुढच्या गाडीला सांध्यांतून चिखल उडतो. म्हणून खडीच दोरी लावून, ढाळ धरून सारखी करायची (ढाळ 1:50, म्हणजे 2 मीटरला 40 मिमी), मग सगळीकडे 30 मिमी वाळू. गाडीच्या भागात खडीऐवजी 150 मिमी काँक्रीट घेतलंत तर उत्तमच, फक्त वाळूत शिरलेलं पाणी निघायला त्याला भोकं ठेवा. कडेला काँक्रीटचा पक्का आधार हवाच, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकतात. सांध्यांत कोरडी बारीक वाळू भरून प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत दाबणारं यंत्र) फिरवायचा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भरायची. ही दुसरी भरणी कुणीच करत नाही.

सायकलमार्ग दुहेरी असेल तर 3 मीटर धरा. पदपथापासून नुसत्या पांढऱ्या रेघेने वेगळा केलात तर दोन्हीकडची माणसं भांडत राहतील. पातळीत 50 मिमीचा फरक आणि तिरकी कड पुरते. उभ्या कर्बला पेडल अडकतं. मोटारी अडवायला खांब लावाल तर मध्ये एकच, दोन्ही बाजूंना जवळपास दीड-दीड मीटर मोकळं सोडून. दोन लावले की समोरासमोरचे सायकलस्वार मधल्याच फटीत घुसतात. आणि साखळ्या नकोतच, अंधांच्या काठीला त्या लागत नाहीत.

स्टँड उलट्या यू आकाराचे, मीटर-मीटर अंतरावर, पहारेकऱ्याच्या नजरेत. पुढचं चाक धरणारे घेऊ नका, रिम वाकते.

राहिलेलं सांगतो. रोज शेकडो गाड्या जाणाऱ्या मुख्य फाटकाला चढाचं वरचं गणित लागू नाही. तिथे 75–100 मिमी उंचावलेलं रीतसर क्रॉसिंग करा आणि कोपऱ्याची त्रिज्या लहान ठेवा म्हणजे गाडी वळताना हळू होते. अग्निशमनाची गाडी आत वळते का, तेही त्यांना बोलावून आधीच बघा.

आणि निविदेत फाटकाचं काम चौरस मीटरमध्ये मोजू नका. ठेकेदार सरळ भाग भराभर उरकतो आणि फाटकं शेवटी उरलेल्या मालात करतो. प्रत्येक फाटक वेगळी बाब म्हणून, पातळ्या लिहिलेल्या छेद-नकाशासह घाला. बिल काढण्याआधी तिथे दोन बादल्या पाणी ओता. साचलं तर सही करू नका.