गोळी बंद केल्यावर काय, तेही सांग

प्रिय मुली,

स्त्रीरोग ओपीडीत तुझी ड्यूटी लागली, छान झालं. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलेली बाई केस पेपर हातात धरून तुलाच विचारणार, "सिस्टर, ह्या गोळ्यांनी गाठ विरघळेल ना?" बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत उत्तर 'नाही' असंच आहे. ते पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर तीन महिन्यांनी सोनोग्राफीत तीच गाठ दिसली की ती औषधच सोडून देते.

ही गाठ, म्हणजे फायब्रॉइड, गर्भपिशवीच्या स्नायूचीच वाढ. कॅन्सर निघणं अगदी क्वचित. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ह्या बाईच्या अंगातल्या दोन्ही हार्मोनवर ती पोसते, म्हणून पाळी गेल्यावर सहसा आक्रसते. नॉरएथिस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन) किंवा पाळणा लांबवायच्या गोळ्या आतलं अस्तर पातळ ठेवतात. अंगावरून कमी जातं, गाठ मात्र जागेवरच. हार्मोनच्या तांबीचंही तेच (तिच्यात तांबं नसतंच, पण बायका तिला तांबीच म्हणतात). गाठ पिशवीच्या पोकळीत घुसलेली असेल तर ती तांबी निसटूही शकते.

ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन इस्ट्रोजेन दाबतं आणि गाठ खरोखर लहान करतं. पण अंगातून वाफा येतात, हाडं विरळ होतात, म्हणून नुसतं तेच सहसा 6 महिन्यांपुढे देत नाहीत. थांबवलं की गाठ पुन्हा वाढू लागते. त्याचा खरा उपयोग ऑपरेशनच्या आधी, तोवर हिमोग्लोबिन चढावं म्हणून. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, म्हणजे रक्त कमी जावं म्हणून देतात ती गोळी, तर हार्मोनच नाही. रक्त जास्त जातं तेवढेच दिवस घ्यायचं.

आता गणपतीचं. मुंबईत श्रावण लागला की बायका मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणतात. ते नॉरएथिस्टेरॉनच असतं, पण "काही औषध चालू आहे का?" असं विचारलंस तर ती नाही म्हणेल, कारण तिच्या लेखी ते औषधच नव्हे. तेव्हा "सणाला, लग्नाला गोळ्या घेतल्या होत्या का?" असंच विचार. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. कुणाला ती जोरात आली की गाठ फुटली असं वाटून ती धावत येते.

पाळणा लांबवायच्या गोळ्या लिहिलेल्या दिसल्या तर रक्तदाब, पायात कधी गुठळी झाली होती का, अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे चमकतं का, हे विचार आणि डॉक्टरांच्या कानावर घाल. थकवा लोकलच्या गर्दीमुळे येतो असं ती म्हणेल. तरी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट बघ, 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी.

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गरज नसताना पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं होतं. ते लक्षात ठेव. "काढूनच टाका" असं सोबतची जाऊ म्हणत असेल, तर आधी त्या बाईला एकटीला बोलू दे. काहींसाठी ऑपरेशनच योग्य असतं, पण ते तिनं ठरवलेलं असावं.

आणि पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या बाईला पुन्हा रक्त दिसलं, तर तिला पुढची तारीख देऊ नकोस. रांग मोडून आत पाठव.

तुझी,
जुनी सिस्टर