कोल्हापुरात नेमबाजीचा सराव सुरू करायचा आहे आणि एका छायाचित्रात नेमबाजापाशी दुर्बीण दिसली. ऑलिम्पिकमधील नेमबाज रायफलीवर दुर्बीण लावतात का?

नाही, कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून नेमबाजी) या ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात रायफलीवर दुर्बीण लावण्यास आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार मनाई आहे. त्याऐवजी डोळ्याजवळच्या चकतीतील बारीक छिद्रातून पाहत नळीच्या टोकाला बसवलेले गोल कडे आणि लक्ष्याचे काळे वर्तुळ एका मध्यावर आणले जाते. वारा बदलला की साइटचे (नेम धरण्याच्या या चकतीच्या भागाचे) बटण एकदोन क्लिक फिरवून नेम सुधारतात. दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते, हे लक्षात घेतले की या साध्या रचनेतील अचूकतेचे खरोखर कौतुक वाटते. तुम्ही छायाचित्रात पाहिलेली दुर्बीण बहुधा नेमबाजाशेजारी स्टँडवर स्वतंत्र उभी असेल. गोळी कुठे लागली आणि वारा कसा वाहतो, हे पाहण्यापुरती तिला ५० मीटर रायफल प्रकारात परवानगी असते. मात्र रायफलीवरील दुर्बिणीची मनाई सर्व नेमबाजीला लागू नाही, कारण १० मीटर हलत्या लक्ष्याच्या प्रकारात आणि बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून नेमबाजी) स्पर्धांत रायफलीवर दुर्बीण चालते. त्यामुळे कोल्हापुरात सराव सुरू करण्याआधी प्रशिक्षकांना प्रकार विचारूनच साहित्य घ्यावे.