खाली उभ्या असलेल्यांना काय सांगशील

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

ए-320 चं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवण्याचं खास प्रशिक्षण, संपवून तू लाइनवर, म्हणजे प्रवासी विमानांवर, आलीस हे ऐकून फार आनंद झाला. तू विचारलंस, की हवेत यांत्रिक बिघाड झाला तर वरून काय सांगितलेलं खाली खरंच उपयोगी पडतं. विमान कसं सांभाळायचं ते तुझे इन्स्ट्रक्टर माझ्याहून चांगलं शिकवतील. आधी उडवणं, मग दिशा, मग बोलणं, हा क्रम तुला पाठच असेल. माझी सगळी नोकरी विमानतळाच्या फायर स्टेशनात गेली, तेव्हा मी लिहिणार ते क्रॅश टेंडरच्या, म्हणजे विमानतळाच्या आगीच्या गाडीच्या, काचेतून दिसणारं. टॉवर सांगेल तेवढंच आम्हाला कळतं, आणि तू सांगशील तेवढंच टॉवरला.

म्हणून मोघम बोलू नकोस. 25 जानेवारी 1990 ला आव्हियांका 52 हे बोइंग 707 न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळलं. वैमानिकांनी प्रायॉरिटी मागितली होती, इंधन संपत आल्याचंही सांगितलं होतं, पण इमर्जन्सी जाहीर केली नव्हती. 158 पैकी 73 जण गेले. तेव्हा संकट असेल तर तीनदा मेडे म्हण, तेवढं गंभीर नसेल तर तीनदा पॅन-पॅन. इमर्जन्सी जाहीर करायला कुठल्याही वैमानिकाने संकोच करू नये. आम्ही उगाच धावत गेलो आणि काहीच घडलं नाही, याचं फायर स्टेशनात कुणालाही वाईट वाटत नाही.

तुझ्या बोलण्यावरूनच टॉवर ठरवतो, लोकल स्टँडबाय की फुल इमर्जन्सी. पहिल्यात विमानतळाच्या गाड्या आपापल्या जागी जाऊन उभ्या राहतात. दुसऱ्यात शहराची फायर ब्रिगेड, पोलीस, हॉस्पिटलं, सगळीकडे फोन जातात. रनवेच्या टोकाला पोचायला आमच्या गाड्यांना तीन मिनिटांची मर्यादा असते. पण इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलहून निघालेल्या अँब्युलन्सला बडा गणपती, कालानी नगर पार करत यायचं असतं, आणि संध्याकाळी सातला तो रस्ता कसा असतो हे तुला, इंदूरच्या मुलीला, मी काय सांगू! दहा मिनिटं आधी कळवलंस तर त्या दहा मिनिटांत खूप काही होतं. 11 ऑक्टोबर 2024 ला तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या बोइंग 737 ची हायड्रॉलिक सिस्टीम बिघडली. उतरण्याआधी वजन कमी व्हावं म्हणून ते इंधन जाळत दोन तासांहून जास्त घिरट्या घालत राहिलं आणि सुखरूप उतरलं. तेवढ्या वेळात खाली अँब्युलन्स आणि आगीच्या गाड्या जमून उभ्या होत्या. तुझ्या ए-320 लाही हवेत इंधन सोडून देण्याची सोय नाही. विमान स्थिर असेल, आग नसेल, तर असा मिळालेला वेळ खालच्यांनाही वापरू दे.

आकडे देताना माणसं मोजून सांग. आईच्या मांडीवरचं बाळ सीटच्या हिशोबात येत नाही, पण आम्ही बाहेर आलेली डोकी मोजतो तेव्हा ते आणि तुमचा क्रू, दोन्ही लागतात. एक माणूस कमी भरला तर माझा एक फायरमन पुन्हा धुरात शिरतो. इंधन किती, नोटॉकवर (वैमानिकाला मिळणाऱ्या खास मालाच्या यादीवर) धोकादायक माल आहे का, असल्यास सामानाच्या कुठल्या कप्प्यात, व्हीलचेअरवाले प्रवासी कुठल्या ओळीत, हेही सांग.

आता समज, इंदूरला येताना तुझी हिरवी हायड्रॉलिक सिस्टीम (विमानातल्या तीनपैकी एक) गेली. गिअर, म्हणजे चाकं, स्वतःच्या वजनाने खाली सोडावा लागेल, त्याची दारं उघडीच राहतील, बऱ्याच ए-320 मध्ये नोजव्हील स्टीअरिंगही, म्हणजे पुढचं चाक वळवणंही, मिळणार नाही. तुला हे सगळं ईकॅमवर, म्हणजे कॉकपिटमधल्या बिघाड दाखवणाऱ्या पडद्यावर, वाचता येतं. टेंडरमधल्या पोराला मात्र पोटाखाली लोंबणारे पत्रे दिसतात आणि विमान काहीतरी तुटून आलंय असं वाटतं. त्याला आधीच कळू दे, की दारं उघडी असणार, विमान रनवेवरच थांबणार, ते ओढून न्यावं लागणार. इंदूरला रनवे एकच, 07/25. तो अडला तर पुढची विमानं भोपाळला वळवायची की वरच थांबवायची ते टॉवर बघेल. रनवे मोकळा करायच्या घाईत विमान ओढत नेऊ नकोस.

ब्रेकचं तापमानही सांग. विमान थांबल्यावरही ते काही मिनिटं चढतच राहतं. तापलेल्या चाकांकडे आम्ही पुढून किंवा मागून जातो, बाजूने नाही, कारण रिम फुटली तर तुकडे बाजूला उडतात. चाकातून धूर दिसला म्हणजे आग लागलीच असं नाही. हे बाहेरून आम्हाला नीट दिसतं, म्हणून प्रवाशांना स्लाइडवरून (आणीबाणीच्या घसरगुंडीवरून) उतरवण्याआधी फायर इन-चार्जला विचार. केबिनमध्ये धूर किंवा आग असेल तर मात्र कुणालाच विचारत बसू नका.

इंजिनांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण यात माणसं गेली आहेत. 19 ऑगस्ट 1980 ला रियाधला सौदियाचं ट्रायस्टार विमान आगीसह परत आलं आणि नीट उतरलं. पण ते लगेच थांबलं नाही, टॅक्सीवेपर्यंत गेलं, आणि थांबल्यावरही तीन मिनिटांहून जास्त वेळ इंजिनं चालू राहिली. चालत्या इंजिनाजवळ बचाव पथकाला जाता येत नाही. आतून दारं उघडली गेली नाहीत. 301 जण गेले, एकही वाचला नाही.

याच्या उलट सिंगापूरला 4 नोव्हेंबर 2010 ला झालं. क्वांटासच्या ए-380 चं दुसऱ्या क्रमांकाचं इंजिन हवेत फुटलं होतं. 469 माणसं घेऊन विमान उतरलं, थांबलं, आणि पहिल्या क्रमांकाचं इंजिन बंदच होईना, कारण त्याच्या तारा तुटल्या होत्या. डाव्या पंखातून इंधन गळत होतं आणि खाली चाकं लाल तापली होती. कॉकपिटला वाटत होतं इंजिनं बंद केलीत, आणि फायरवाले सांगत होते, एक चालूच आहे. खालून कुणी सांगितलं नसतं तर? कॅप्टन डी क्रेस्पिनी यांनी स्लाइड उघडल्या नाहीत. फायरवाल्यांनी गळतीवर फोम टाकला, आणि प्रवासी उजव्या बाजूच्या एकाच दारातून जिन्याने, चालत्या इंजिनापासून लांब, उतरले. एकालाही इजा झाली नाही. ते इंजिन विझवायला मात्र फायरवाल्यांना सुमारे तीन तास लागले. तो वृत्तांत मी स्टेशनातल्या पोरांना दरवर्षी वाचून दाखवत असे.

रेडिओ बंद पडला तर आमच्या हातांकडे बघ. फायर इन-चार्ज विमानाच्या नाकासमोर, तुला दिसेल असा उभा राहतो. एक हात आडवा धरून, पंजा डोळ्यांच्या उंचीवर उचलून, त्याच हाताने मागे बोलावल्यासारखं करतोय आणि दुसरा हात अंगाशी आहे, म्हणजे प्रवासी उतरवा. दोन्ही हात खाली तिरपे पसरून मनगटं कंबरेखाली एकमेकांवर आणतोय आणि पुन्हा पसरतोय, म्हणजे धोका आटोक्यात. डाव्या हाताने बोट दाखवत उजवा हात खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पंख्यासारखा हलवतोय, म्हणजे तिथे आग आहे. ही चित्रं वैमानिक परीक्षेपुरती पाहतात. तू तुझ्या कॅप्टनबरोबर एकदा प्रत्यक्ष करून बघ.

इंदूरला नाइट हॉल्ट पडला तर दोन दिवस आधी कळव. फायर स्टेशनात जायची रीतसर परवानगी काढून ठेवतो. टेंडरच्या ड्रायव्हर सीटवर बस आणि पार्किंगमध्ये उभ्या ए-320 कडे बघ, कॉकपिटच्या खिडकीतला माणूस तिथून किती दिसतो ते कळेल. आणि वॉच रूममधल्या मुलांना काय विचारायचंय ते लिहून आण.

तुझा,
काका