वाचकांचे प्रश्न : घरच्या सरावाचा गिटार अ‍ॅम्प

प्रश्न : दीड वर्षापासून मी इलेक्ट्रिक गिटार शिकत आहे. आजवर वर्गातल्या अ‍ॅम्पवर भागले, पण आता घरी सरावासाठी स्वतःचा घ्यायचा आहे आणि हाताशी पैसे बेताचेच आहेत. शिक्षक म्हणतात, सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प घे. वर्गातले जुने विद्यार्थी म्हणतात, ट्यूबच्या अ‍ॅम्पशिवाय गिटारला खरा आवाज नाही, तेव्हा थांब आणि पैसे साठव. दुकानात सॉलिड-स्टेटचे दोन अ‍ॅम्प पाहिले, एक १० वॅटचा आणि दुसरा ५० वॅटचा. माझी खोली लहान आहे आणि शेजाऱ्यांची भिंत पातळ आहे. मी काय घ्यावे?

उत्तर : शिक्षकांचे ऐकावे. जुन्या विद्यार्थ्यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते आपल्या खोलीला लागू पडत नाही. ट्यूबच्या अ‍ॅम्पची जी कीर्ती आहे तिचा मोठा भाग त्यातल्या आउटपुट ट्यूब, म्हणजे शेवटच्या टप्प्यात संकेत मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या, पुरेशा ताणल्या गेल्यावर निघणाऱ्या भरदार, किंचित फाटलेल्या आवाजाशी निगडित आहे, आणि त्या तशा ताणल्या जाईपर्यंत आवाज एवढा चढलेला असतो की पातळ भिंतीपलीकडचा माणूस दार ठोठावायला आलेला असतो. अवघ्या ५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्पही लहान खोलीत असह्य होऊ शकतो. शिवाय ट्यूब तापायला वेळ लागतो, त्या झिजतात आणि कधी ना कधी बदलाव्या लागतात. सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पमध्ये आवाज मोठा करण्याचे हेच काम ट्रान्झिस्टर किंवा चिप करते. बटण दाबले की तो तयार असतो आणि वजनालाही हलका असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्यातला डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाडलेला, आवाज बहुतेक वेळा सुरुवातीच्या टप्प्यातच, डायोडसारख्या भागांनी लहर कापून तयार केलेला असतो. पुढचा टप्पा तो फक्त मोठा करतो. त्यामुळे व्हॉल्यूम अगदी खाली असतानाही त्या आवाजाचा स्वभाव बराचसा तोच राहतो, आणि घरी सराव करणाऱ्याला नेमके हेच हवे असते.

सॉलिड-स्टेट म्हणजे गरिबाची सोय, हा समज १९६० च्या दशकातल्या पहिल्यावहिल्या अ‍ॅम्पमुळे रुजला, आणि त्या काळापुरता तो फारसा अन्यायाचाही नव्हता, कारण तेव्हाचे ट्रान्झिस्टर तापून जळत आणि आवाज कोरडा येई. पुढे परिस्थिती बदलली. रोलँडचा जेसी-१२० हा ६० अधिक ६० वॅटचा आणि १२ इंची दोन स्पीकरांचा अ‍ॅम्प १९७५ मध्ये आला. तो सॉलिड-स्टेटच आहे, आणि स्वच्छ आवाजाचा विषय निघाला की आजही त्याचे नाव आधी घेतले जाते. ब्लूजचे गिटारवादक बी. बी. किंग यांच्या मागेही बराच काळ लॅब सीरीजचा एल-५ हा सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प उभा असे. तेव्हा कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही.

आता वॅटकडे वळू, कारण सर्वाधिक फसगत तिथेच होते. ५० वॅटचा अ‍ॅम्प १० वॅटच्या पाचपट मोठा वाजतो असे सहज वाटते, पण कान तसे मोजत नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो, आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. या हिशेबाने आपण पाहिलेल्या दोन अ‍ॅम्पमधला फरक सुमारे ७ डेसिबलचा आहे, म्हणजे दुप्पटसुद्धा नाही. उलट स्पीकरच्या संवेदनशीलतेने पडणारा फरक याच्या तोडीचा असू शकतो. एक स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर ९० डेसिबल देत असेल आणि दुसरा ९६, तर दुसऱ्यावर १० वॅटमध्ये जे होईल त्यासाठी पहिल्याला ४० वॅट लागतील. खोक्यावर मात्र वॅटचा आकडा ठळक छापलेला असतो आणि स्पीकरचा हा आकडा बहुधा कुठेच नसतो.

खोलीत प्रत्यक्षात किती शक्ती लागते तेही पाहावे. गप्पांपेक्षा थोडा मोठा, ७५ डेसिबलच्या आसपासचा आवाज धरला, तर वरच्या ९० डेसिबलच्या स्पीकरला त्यासाठी एका वॅटचा जेमतेम तिसावा भाग पुरतो. म्हणजे १० वॅटमधलेही बहुतेक सगळे वॅट नुसते बसून राहणार आहेत. माझा स्वतःचा पहिला अ‍ॅम्प मी आकडा पाहून घेतला होता. त्याच्या व्हॉल्यूमचा नॉब चार वर्षांत एकच्या पुढे गेला नाही, आणि शून्य ते एक या केसभर जागेत तो एक तर मुका असे किंवा एकदम अंगावर येई.

मग मोठा अ‍ॅम्प कधीच घेऊ नये का? तसेही नाही. मोठ्या अ‍ॅम्पसोबत बहुधा मोठा स्पीकर आणि मोठी पेटी येते, आणि खरा फायदा त्यांचा असतो. गिटारची जाड ई तार मोकळी छेडली की सुमारे ८२ हर्ट्झचा स्वर निघतो. एवढ्या खर्जासाठी स्पीकरला बरीच हवा ढकलावी लागते, आणि लहान पेटीतल्या ६ इंची स्पीकरला ते जमत नाही. म्हणून अगदी स्वस्त अ‍ॅम्पचा आवाज डब्यातून आल्यासारखा बोदा वाटतो. ८ इंची स्पीकरला हा फरक स्पष्ट ऐकू येतो, आणि १० किंवा १२ इंचीला आवाज आणखी मोकळा होतो. माझे मत विचाराल तर लहान खोलीसाठी, बेताच्या पैशांत, ८ इंची स्पीकर आणि १५ ते २५ वॅट ही सर्वांत समंजस निवड आहे. कल्पना यावी म्हणून काही नमुने सांगतो. फेंडरचा फ्रंटमॅन १०जी हा १० वॅटचा आणि ६ इंची स्पीकरचा आहे, तर ऑरेंजचा क्रश २०आरटी हा २० वॅटचा, ८ इंची स्पीकरचा असून त्यात रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारी सोय) आणि तारा जुळवण्यासाठी ट्यूनरही आहे. बॉसच्या कटाना-५० मध्ये १२ इंची स्पीकर आहे, आणि त्याची शक्ती एका बटणाने अर्ध्या वॅटपर्यंत खाली आणता येते. मोठा स्पीकर हवा आणि भिंतही पातळ आहे, अशांना ही सोय फार उपयोगी पडते. आपण पाहिलेल्या ५० वॅटच्या अ‍ॅम्पमध्ये असे काही असेल तर त्याचा जरूर विचार करावा. नसेल तर तो सोडून द्यावा.

कटानासारखे अ‍ॅम्प निरनिराळ्या अ‍ॅम्पच्या आवाजांची डिजिटल नक्कल करतात. ही नक्कल आता चांगली होते, आणि आवाजावर इफेक्ट चढवणाऱ्या पेडलांचा खर्चही वाचतो. पण शिकणाऱ्याची संध्याकाळ आवाज शोधण्यात जाते आणि सराव राहून जातो, हेही मी पुष्कळदा पाहिले आहे. आपला स्वभाव आपल्याला ठाऊक असेलच.

दुकानात जाताना आपलीच गिटार न्यावी, कारण दुकानातल्या महागड्या गिटारवर कोणताही अ‍ॅम्प बरा वाटतो. इफेक्ट सगळे बंद ठेवावेत, टोनचे नॉब मध्यावर ठेवावेत आणि विक्रेत्याशी बोलत असताना जेवढा आवाज होतो तेवढ्यावरच वाजवून पाहावे. दुकानदार व्हॉल्यूम चढवून दाखवेल, तेव्हा नम्रपणे खाली आणावा. एवढ्या आवाजात जाड तारेवरचा स्वर गोल येतो का, सहाही तारांची कॉर्ड छेडली तर त्यातले स्वर सुटे ऐकू येतात की त्यांचा काला होतो, गिटारवरचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणला की डिस्टॉर्शन निवळते का, हे पाहावे. व्हॉल्यूमचा नॉब अगदी सावकाश फिरवून आवाज हळूहळू चढतो की उडी मारतो तेही पाहावे. शेवटी तारांवर हात ठेवून गप्प बसावे आणि अ‍ॅम्पची स्वतःची सळसळ किती आहे ते ऐकावे. दुकानाच्या गोंगाटात न जाणवणारी सळसळ रात्रीच्या खोलीत फार त्रास देते.

हेडफोनचा जॅक मात्र असलाच पाहिजे, आणि तो दुकानातच वापरून पाहावा. गिटारचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा काढतच नाही, त्यामुळे डिस्टॉर्शनमधली कर्कश धार आपोआप गाळली जाते. हेडफोन मात्र ती धार जशीच्या तशी कानात घालतो. म्हणून अ‍ॅम्पमध्ये हेडफोनसाठी वेगळी गाळणी, म्हणजे स्पीकर-पेटीच्या आवाजाची नक्कल, असेल तर आवाज सुसह्य येतो, नाहीतर कानात मधमाशांचे पोळे ठेवल्यासारखे वाटते. सोबतीला गाणे लावून वाजवायचे असेल तर ऑक्स इनपुट (फोन तारेने जोडायची खाच) किंवा ब्लूटूथ असावे. बाकी वैशिष्ट्यांची यादी वाचत बसू नये.

प्रश्न : माझ्याकडे १० वॅटचा छोटा अ‍ॅम्प आहे. दुकानात आवाज चांगला वाटला होता, पण घरी हळू आवाजात वाजवताना तो पातळ आणि टोचरा येतो. अ‍ॅम्प बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. आवाज हळू असला की मानवी कानाला खर्ज, आणि काहीसा टिपेकडचा भागही, मधल्या स्वरांच्या मानाने कमी ऐकू येतो. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये याचे मोजमाप प्रसिद्ध केले. त्यामुळे दुकानात मोठ्याने ऐकताना जुळवलेले नॉब घरी चुकीचे ठरतात. बेस थोडा वाढवावा. टिपेकडचा भाग कमी ऐकू येतो म्हणून ट्रेबलही वाढवण्याचा मोह होईल, पण आपली तक्रार टोचण्याची आहे आणि लहान स्पीकरची टोच बहुधा त्याच्या थोडी खालीच असते, म्हणून ट्रेबल उलट किंचित कमीच करून पाहावा. आणि मुख्य म्हणजे गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) आपल्याला हवासा वाटतो त्याच्या निम्म्यावर आणावा. हळू आवाजात जोर कमी वाटतो म्हणून आपण नकळत गेन वाढवतो, आणि टोच तिथूनच येते.

दुसरा उपाय फुकटचा आहे. अ‍ॅम्प जमिनीवर असेल तर तो आपल्या पोटऱ्यांना गाणे ऐकवत असतो. स्पीकरच्या समोरच्या रेषेत टीप जास्त आणि बाजूला कमी जाते, म्हणून आपल्याला आत्ता ऐकू येणारा आवाज अ‍ॅम्पचा पूर्ण आवाजच नव्हे. तो खुर्चीवर ठेवावा किंवा मागे कलता करून तोंड कानाकडे करावे, आणि मग नॉब पुन्हा जुळवावेत. खर्ज कमी पडत असेल तर अ‍ॅम्प खोलीच्या कोपऱ्यात सरकवावा, भिंती खर्जाला उठाव देतात. मात्र त्याच भिंतीपलीकडे शेजारी असतील तर दुसरा कोपरा निवडावा, कारण भिंतीतून सर्वांत सहज आरपार जातो तो खर्जच.

प्रश्न : अ‍ॅम्प घेईपर्यंत गिटार घरच्या म्युझिक सिस्टीमला जोडली तर चालेल का?

उत्तर : थेट जोडली तर आवाज मेलेला येईल. गिटारच्या पिकअपला (तारांचे कंपन पकडून त्याचा विद्युत संकेत करणाऱ्या भागाला) सुमारे १० लाख ओहम इतका उच्च इनपुट इम्पीडन्स, म्हणजे पुढच्या यंत्राचा विद्युत अडथळा, मानवतो, म्युझिक सिस्टीमचा त्यापेक्षा खूपच कमी असतो, आणि त्यात टीप गिळली जाते. मध्ये स्पीकर-पेटीची नक्कल असलेले मल्टी-इफेक्ट पेडल असेल तर मात्र खुशाल जोडावी. व्हॉल्यूम आधी शून्यावर ठेवावा.

प्रश्न : माझ्या अ‍ॅम्पमधून सतत घुंऽऽ असा आवाज येतो. मी गिटार घेऊन वळलो की तो कमी-जास्त होतो. अ‍ॅम्प बिघडला आहे का?

उत्तर : वळल्यावर बदलतो म्हणजे दोष बहुधा अ‍ॅम्पचा नाही. आपल्या गिटारला सिंगल-कॉइल पिकअप असणार. ते एका वेटोळ्याचे पिकअप आजूबाजूच्या वीजतारा आणि ट्रान्सफॉर्मर यांची गुणगुणही पकडते. हीच अडचण दूर करण्यासाठी गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५० च्या दशकात दोन वेटोळ्यांचे हंबकर पिकअप तयार केले, ज्यात दोन्हींनी पकडलेली गुणगुण परस्परांना मारते. आपण अ‍ॅम्पपासून दोन-तीन पावले दूर बसावे, गुणगुण सर्वांत कमी होईल ती दिशा शोधावी आणि गेन कमी ठेवावा. गिटारची केबल काढल्यावरही घुं मोठाच राहत असेल, तर मात्र अ‍ॅम्प तंत्रज्ञाला दाखवावा. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी देईल. तो कदापि मानू नये. गिटारच्या तारा त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात, आणि आपली बोटे त्या तारांवर असतात.

प्रश्न : जुना सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प स्वस्तात मिळतो आहे. घेताना काय पाहावे?

उत्तर : झिजणाऱ्या ट्यूब नसल्यामुळे जुना सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प हा बऱ्याचदा फायद्याचा सौदा ठरतो. नॉब फिरवताना होणारी खरखर धुळीची असते आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते, तेव्हा तेवढ्यावरून सौदा मोडू नये, फार तर किंमत उतरवून घ्यावी. गिटारचा जॅक हलवल्यावर आवाज तुटत असेल तर सोल्डरिंगचे काम निघेल, पण तेही किरकोळच. अ‍ॅम्प कोणत्या व्होल्टेजवर चालतो हे मागच्या पट्टीवर वाचावे, कारण ११० ते १२० व्होल्टसाठीचा अ‍ॅम्प २३० व्होल्टवर लावला तर पहिल्याच क्षणी जळू शकतो. आधीच्या मालकाने स्पीकर बदललेला असेल तर त्यावरचे ओहम अ‍ॅम्पवर लिहिलेल्यापेक्षा कमी नाहीत ना हे पाहावे, कमी असतील तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापतात.

निर्णायक तपासणी अ‍ॅम्प चालू करतानाची आहे. स्पीकरच्या जाळीतून टॉर्च मारून पडद्याकडे पाहावे आणि मग बटण दाबावे. क्षणभर ठक् होऊन पडदा जागेवर परतला तर ठीक. तो पुढे किंवा मागे सरकून तिथेच अडकून राहिला, तर आउटपुट टप्पा निकामी होऊन स्पीकरमध्ये थेट एकदिशा वीज जाते आहे असे समजावे आणि लगेच बंद करावे. सगळे ठीक दिसले तरी निदान अर्धा तास वाजवावे, कारण काही दोष अ‍ॅम्प तापल्यावरच डोके वर काढतात. विकणारा अर्ध्या तासाला नाराज होत असेल, तर तो अ‍ॅम्प त्याच्याकडेच राहू द्यावा.