वाचक विचारतात : एसटी नक्की कधी सुरू झाली?

प्रश्न : दरवर्षी १ जूनला एसटीचा वाढदिवस करतात, १९४८ ला नगर-पुणे पहिली गाडी सुटली म्हणून. पण आमचे आजोबा सांगायचे की आमच्याकडे निजामाच्या काळातच सरकारी बस होती. मग खरं काय? (एक वाचक, परभणी)

उत्तर : आजोबांचं बरोबर आहे, आणि १ जून पण बरोबर आहे. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्येच २७ गाड्या घेऊन बससेवा चालू केली होती, म्हणजे नगरहून एसटीची ती पहिली गाडी (बेडफर्ड कंपनीची) निघाली त्याच्या सोळा वर्षं आधी! आणि १ जून १९४८ ला परभणी तर भारतात पण नव्हती, हैदराबाद संस्थान सामील झालं सप्टेंबरमध्ये, त्यामुळे तो वाढदिवस तुमच्याकडच्या बसचा कसा असेल. तो मुंबई राज्याच्या एसटीचा. तिकडे आधी खाजगी सर्व्हिस मोटारी होत्या, गाडी भरली की सुटणार, भाडं मालक म्हणेल ते, म्हणून सरकारने वाहतूक हातात घेतली आणि पुढे केंद्राचा १९५० चा कायदा आला त्याखाली रीतसर महामंडळ झालं.

विदर्भाचं अजून तिसरंच. ते मध्य प्रांतात, तिथे प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस चालायची. १९५६ ला विदर्भ मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले, मग १९६० ला गुजरात वेगळा झाला, त्यांनी स्वतःचं महामंडळ काढलं, आणि इकडे या तीन वेगवेगळ्या सेवा एकत्र करून आजचं एसटी महामंडळ उभं राहिलं. माझ्या मते वाढदिवसाच्या भाषणात निजामाच्या त्या २७ गाड्यांचं नाव निघायला काही हरकत नाही, पण निघत नाही.

प्रश्न : आमचा डेपो कोकणात, मग गाड्यांवर एमएच-२० नाहीतर एमएच-४० कसं काय? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नंबर डेपोचा नसतो हो. एसटी चासी, म्हणजे इंजिन-चाकांसकट नुसता सांगाडा, विकत घ्यायची आणि बॉडी स्वतः बांधायची, पुण्याजवळचं दापोडी, संभाजीनगरचं (औरंगाबाद) चिकलठाणा आणि नागपूरजवळचं हिंगणा अशा तीन वर्कशॉपमध्ये, आणि गाडी जिथे तयार झाली तिथल्याच आरटीओत पासिंग. म्हणून दापोडीची एमएच-१४, चिकलठाण्याची एमएच-२०, हिंगण्याची एमएच-४० वगैरे. बसचे शौकीन लोक स्टँडवर उभे राहून नुसत्या नंबरवरून सांगतात ही कुठली बॉडी ते. हल्ली बाहेरून तयार बॉडीच्या गाड्या पण येतात, भाड्याच्या पण असतात, तिथे हा हिशोब लागू नाही.