२२व्या वर्षी वडिलांचा कारखाना अंगावर आला आहे, जुनी माणसं ऐकत नाहीत. चालवू की विकू?

वडील जाऊन तीन महिने झाले, शिक्षणाचं शेवटचं वर्ष राहिलंय, माणसं तोंडावर 'हो' म्हणतात आणि मागे आपलंच करतात, काका म्हणतात विकून मोकळा हो. असं तू लिहिलंयस. तुला 'तू' म्हणतोय, राग मानू नकोस. माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, आणि तुझ्याच वयात मीही या जागी उभा होतो. आमची जळगावला डाळ मिल. नाना, म्हणजे माझे वडील, तुरीच्या ऐन हंगामात गेले आणि तेरावं झालं त्याच दुपारी मी गादीवर बसलो.

आधी एक सांगतो, विकायचं आत्ता ठरवू नकोस. एक हंगाम पुरा होऊ दे. घरात माणूस गेलंय आणि मुलगा घाबरलाय हे घेणाऱ्याला कळलं, की तो भाव पाडूनच मागतो.

मला तेव्हा मामांनी अमळनेरची गोष्ट सांगितली होती. आमच्याकडे ती सगळ्यांना ठाऊक आहे. अझीम प्रेमजींच्या वडिलांनी १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी काढली, कारखाना अमळनेरला. ११ ऑगस्ट १९६६ ला वडील गेले तेव्हा मुलगा अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता, वय २१. शिक्षण टाकून तो परत आला. सर्वसाधारण सभेत एका भागधारकाने त्याला सुनावलं, की हे तुला झेपणार नाही, आपले शेअर विक आणि जाणत्या माणसाच्या हाती कंपनी दे. तीच कंपनी पुढे विप्रो झाली. एवढी मोठी झेप माझ्या डोक्यात नव्हती. पण 'वय लहान' हे त्यांनाही भर सभेत ऐकावं लागलं, या एका गोष्टीने मला त्या रात्री झोप लागली. राहिलेली पदवी त्यांनी तीसेक वर्षांनी पुरी केली. तू इतका थांबू नकोस, या वर्षीची परीक्षा दे.

आता माणसांचं. इथे मी चुकलो, म्हणून सविस्तर सांगतो.

आमची सगळी खरेदी मुनीमकाकांच्या दातांवर चालायची. गाडी आली की ते पोत्यात बंबू, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, खुपसून मूठभर तूर काढत, एक दाणा दाढेखाली धरत. 'कट्ट' आवाज झाला की माल कोरडा, दाणा नुसता दबला की ओला. मी हिशेब मांडला होता: १४ टक्के ओल असलेली १०० क्विंटल तूर १० टक्क्यांवर वाळली की साडेपंच्याण्णव क्विंटलच उरते. म्हणजे भरडायच्या आधीच साडेचार क्विंटल हवेत. मी ओल मोजायचं मीटर आणलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, आता चावून बघायचं बंद."

काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून काट्यावर यायचे, पण खुर्चीत बसून राहायचे. गाडी घेऊन येणारे व्यापारी माझ्या मीटरकडे बघायचे, काकांकडे बघायचे आणि गाडी दुसऱ्या मिलला वळवायचे. आठवड्यात मिल अर्ध्या पाळीवर आली.

मी त्यांच्या घरी गेलो, पाया पडलो. आणि एक विनंती केली: काका, तुम्ही आधी चावून आकडा सांगा, मी तो चिठ्ठीवर लिहितो, मग मीटर लावू. महिनाभर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. कोरड्या उन्हाच्या दिवसांत काका अर्ध्या टक्क्यातही चुकत नव्हते. आभाळ आलं की मात्र चुकायचे, कधी दोन टक्क्यांनी. चिठ्ठ्या त्यांच्याच हातात होत्या. एका ढगाळ सकाळी गाडी लागली आणि ते स्वतःच म्हणाले, "बाळा, तुझं यंत्र आण रे." त्या दिवसापासून मिस्तरीपासून हमालापर्यंत सगळे माझं ऐकायला लागले.

तुझ्या कारखान्यातही असं एखादं काम असेल, जे फक्त एका म्हाताऱ्या माणसाच्या हाताला किंवा कानाला कळतं. तिथे जाऊन उभा राहा. सहा महिने शीक, टिपून ठेव, मगच बदल सुचव, आणि तोही त्याच्याच तोंडून होऊ दे.

कागदांचं थोडक्यात. धंदा वडिलांच्या एकट्याच्या नावावर असेल तर त्यांचा जीएसटी नंबर तुला चालणार नाही. स्वतःच्या नावाने नवा काढावा लागतो, आणि त्यांच्या खात्यातलं शिल्लक क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-०२ फॉर्म भरून तुझ्याकडे येतं. भागीदारी असेल तर करारनामा आज रात्रीच वाच. भागीदार दोघेच असतील, तर एक गेल्यावर फर्म कायद्याने संपते. कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेने दिलेली उचल, असेल तर बँकेने बोलवायची वाट बघू नकोस, तूच जा.

आणि उधारीची वही. नानांचं येणं बाजारात पुष्कळ होतं, देणंही होतं. मामांच्या सांगण्यावरून मी आधी देणं घेऊन निघालो. एका अडत्याची रक्कम वहीत नव्हतीच, नानांनी तोंडी शब्द दिला होता. मी ती दिली. त्याने नोटा मोजल्या नाहीत, तशाच गल्ल्यात ठेवल्या, चहा मागवला आणि म्हणाला, "पुढच्या हंगामाला माल तुझ्याकडेच पाठवतो." आज त्याचा मुलगा पाठवतो.